गावभाग ते विश्रामबाग : घर हलवताना हमालांचं चहापाणी

१७ मे २०२५ ला, शनिवारी, आम्ही सांगलीच्या गावभागातलं जुनं घर सोडलं आणि विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. अंतर म्हणाल तर जेमतेम चार किलोमीटर. पण त्या चार किलोमीटरची धास्ती मी दोन महिने घेतली होती. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारचा घरी. सासूबाई ७८ वर्षांच्या. लेक दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली. त्यामुळे धावपळ सगळी माझ्याच अंगावर.

खोके कसे भरायचे, काचसामान कशात गुंडाळायचं, हे सांगणारे ढीगभर भेटतात. माझं अडलं होतं दुसरीकडेच. सहा माणसं दिवसभर आपल्या घरात वावरणार, आपला सगळा संसार पाठीवर घेऊन जिने चढणार. त्यांना चहा कधी द्यायचा? जेवण आपण द्यायचं की ते डबा आणतात? बाथरूमचं काय? वरखुशीचे पैसे किती आणि कुणाच्या हातात? ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, मुकादमाला ठरलेले पैसे दिले की आपलं काम झालं. मला ते पटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

गावभागात राहणाऱ्याला पुराचं वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर त्या घरानं बघितले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमचा खालचा मजला पूर्ण पाण्यात. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर गुडघाभर गाळ, फुगून दार अडवणारी गादी, पालथं पडलेलं कपाट. त्या वेळी मार्केट यार्डातले चार हमाल गल्लीत मदतीला फिरत होते. त्यातल्या एका मामांनी आमचं ते चिखलानं जड झालेलं सामान बाहेर काढून दिलं. घरात प्यायला थेंब नव्हता. सासूबाईंना घेरी आली तेव्हा मामांनी आपल्या कळशीतलं पाणी आपल्याच पेल्यात ओतून त्यांना दिलं. आम्ही त्यांना त्या दिवशी चहासुद्धा विचारू शकलो नाही.

घर बदलायचं ठरलं तेव्हा सासूबाई पहिलं वाक्य हेच बोलल्या, "त्या मामांनाच बोलाव."

नव्या फ्लॅटची दस्तनोंदणी मार्चमध्ये झाली. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीयेला दूध उतू घालून आलो. खरी कागदपत्रं त्यापुढे सुरू झाली. ५ मे ला सोसायटीच्या ऑफिसात गेले. सामान आणायला परवानगी लागते हे मला माहीतच नव्हतं. साधा अर्ज, इंडेक्स टूची म्हणजे दस्तनोंदणीच्या उताऱ्याची झेरॉक्स, टेम्पोचा नंबर, परत मिळणारा २,००० रुपयांचा डिपॉझिट चेक आणि येणाऱ्या सगळ्या हमालांच्या आधारच्या झेरॉक्स. वेळ सकाळी ९ ते १ आणि दुपारी ४ ते ७. मधले तीन तास सामान चढवायचं नाही, आणि मोठं सामान लिफ्टमधून न्यायचं नाही. तुमचीही सोसायटी असेल तर मुकादमाशी दर ठरवण्याआधी हे नियम लेखी घ्या. लिफ्ट आहे म्हणून ठरलेला दर आणि जिन्यानं न्यायचा दर यांत बराच फरक पडतो, आणि आयत्या वेळी वाद झाला तर तो सोसतो पाठीवर ओझं असलेला माणूस.

त्याआधी एका मोठ्या पॅकर्सवाल्यांनी घर बघून २२,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी असा आकडा दिला होता. ८ मे ला मामा आले. खोल्या बघितल्या, कपाट हातानं हलवून बघितलं, तांब्याचा बंब आणि पाटा-वरवंटा बघून हसले. मग गल्लीच्या तोंडापर्यंत पावलं टाकत चालत गेले, कारण आमच्या बोळात आयशर टेम्पो शिरत नाही, तिथवर हातगाडीनंच न्यावं लागतं. १२,५०० रुपये ठरले. सहा माणसं, आयशरच्या दोन फेऱ्या, हातगाडी, दोर, तिसऱ्या मजल्याचा जिना, सगळं त्यात. २,५०० आगाऊ दिले आणि एका वहीच्या पानावर सामानाची यादी करून दोघांनी सह्या केल्या.

आधारच्या झेरॉक्स मागताना मला फार अवघड झालं. घरी आलेल्या माणसाला ओळखपत्र दाखवा म्हणायचं, तेही ज्यांनी आपल्याला पाणी पाजलं त्यांना. मामा शांतपणे म्हणाले, "सगळीकडंच मागत्यात ताई. फकस्त काम झाल्यावर तेवढं परत मिळालं तर बरं." मी शब्द दिला.

त्याच बैठकीत मी जेवणाचं विचारलं. साहेबी थाटात ठरवून टाकण्यापेक्षा विचारलेलं किती बरं, हे तेव्हा कळलं. माझा बेत होता की सकाळी सातला पोटभर पोहे, नऊला चहा, अकराला परत चहा, साडेबाराला जेवण. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, सारखा चहा नको. एकदा अंग घामाला लागलं की एका दमात गाडी खाली करू द्या. मधी बसलं की अंग गार पडतंय, मग पहिलं ओझं लई जड लागतंय. पाणी तेवढं हाताशी ठेवा. आन् जेवान जिना झाल्यावर. भरल्या पोटी जिना चढवत न्हाई." फ्रीजचं पाणीही नको, माठातलं. गार पाण्यानं घसा धरतो म्हणे. शिवाय दोघांना शनिवारचा उपवास होता. मी विचारलं नसतं तर त्या दोघांसमोर मी भाकरी-पिठलं वाढून ठेवलं असतं आणि ते निमूटपणे पाणी पिऊन उठले असते.

१३ तारखेला दहावीचा निकाल लागला आणि लेक चांगल्या मार्कांनी पास झाली, त्यामुळे घरात पेढ्यांचा खोका आला. १४ ते १६ सामान भरणं. खोके गणपती पेठेतल्या दुकानांतून आणले, २० रुपयाला एक, असे चाळीस. भरण्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की फ्रीज आदल्या रात्री बंद करून पुसून घ्या, तो उभाच न्यायला सांगा आणि नव्या घरी चार-पाच तासांनी सुरू करा. गॅस सिलिंडर सामानाच्या टेम्पोत घालायला मामांनी साफ नकार दिला, आणि ते योग्यच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघर भरताना खिडकीच्या कट्ट्यावरचे दोन कप हातात आले. पांढरे, निळ्या फुलांचे, एकाचा कान तुटलेला. या घरात कामाला येणाऱ्या माणसांना चहा याच कपांतून दिला जायचा. प्लंबर, गवंडी, मोलकरीण, सगळ्यांना. ते धुऊन परत खिडकीतच ठेवायचे, कपाटात जायचे नाहीत. अठरा वर्षं मी स्वतः ते तसेच ठेवत आले होते. लेकीनं विचारलं, "हे कुठल्या खोक्यात घालू? आणि हे वेगळे का असतात?" मला उत्तर देता आलं नाही. हे लिहितानाही लाज वाटते, पण झालं ते असं आहे.

सासूबाई पलंगावर बसून पितळी भांडी पुसत होत्या. त्यांनी ऐकलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी ठेवले होते, म्हणून मी ठेवले. पुरात मामांनी मला पाणी कशात दिलं होतं गं? त्यांच्या पेल्यातच ना?" आणि हात पुढे करून दोन्ही कप घेतले आणि टाकायच्या पोत्यात ठेवले. रोजच्या वापरातले स्टीलचे आठ पेले आणि आठ कप मी वेगळ्या पिशवीत काढले. घरातल्यांचे आणि येणाऱ्यांचे एकच.

ही पिशवी मात्र प्रत्येकानं करावी असं मी म्हणेन. आदल्या रात्री सगळी भांडी खोक्यांत जातात आणि सकाळी माणसं दारात आल्यावर पाणी द्यायला पेला सापडत नाही. माझ्या पिशवीत पेले, कप, चहा-साखर, गुळाची ढेप, मीठ, सहा लिंबं, साबण, दोन धुतलेले टॉवेल, डेटॉल, पट्ट्या आणि शंभराच्या नोटा होत्या. पिशवीवर लाल फडकं बांधलं आणि ती स्वतः रिक्षातून नेली. टेबलफॅन टेम्पोत सर्वांत शेवटी चढवायला सांगितला, म्हणजे तो तिकडे सर्वांत आधी उतरतो.

शनिवारी पावणेसातला सहाही जण आले. देव मी आधीच हलवले होते आणि गणपती मंदिरात जाऊन पाया पडून आले होते. सासूबाईंनी सगळ्यांना ताटलीतून गुळाचा खडा आणि माठातलं पाणी दिलं. आमच्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी देतात तसंच. मी सगळ्यांची नावं विचारली आणि दिवसभर नावानं हाक मारली, मामांना मामा आणि बाकीच्यांना दादा लावून. नावं इथं लिहीत नाही, कारण त्यांना तसं विचारलेलं नाही. बाथरूम कुठं आहे ते पहिल्या पाच मिनिटांत दाखवलं. हे मामांना न विचारता केलं, कारण हे कुणी मागत नाही. दिवसभर अवघडून राहतात, पण मागत नाहीत.

सर्वांत धाकटा विशी-बावीशीचा असेल. त्याची चुंबळ जुन्या टॉवेलची होती आणि सारखी सुटत होती. पाट्याचा दगड डोक्यावर घेताना ती घसरली, तो दगड दुसऱ्यानं वेळीच धरला. सासूबाई आत गेल्या, बांधून ठेवलेल्या गाठोड्याची गाठ सोडली आणि त्यांचं एक जुनं सुती लुगडं काढलं. दातानं कड तोडून उभी पट्टी फाडली. मग भिंतीला टेकून, हातावर गुंडाळत, टोक आत खोचत, घट्ट गोल चुंबळ वळून दिली. त्याच्या डोक्यावर ठेवून वरून दाबून बघितली. "लहानपणी विहिरीवरनं दोन घागरी आणायचे मी," म्हणाल्या. दिवसभर तो ती चुंबळ वापरत होता आणि जाताना घेऊन गेला.

माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी, हे मला शब्द म्हणून माहीत होतं. महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठीचा कायदा १९६९ सालचा. त्यासाठी झगडलेले अण्णासाहेब पाटील शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. मामा मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात आणि माथाडी मंडळात त्यांची नोंद आहे, त्यामुळे त्यांना हे सगळं तोंडपाठ. पण घरसामानाच्या कामाला येणाऱ्या पोरांची बहुतेकांची कुठंच नोंद नसते, असं ते म्हणाले. पाय मुरगळला तर दुसऱ्या दिवसाची हजेरी बुडते. डेटॉल आणि पट्ट्या पिशवीत ठेवल्याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

मामांच्या सांगण्याप्रमाणे मी मध्ये मध्ये लुडबुड केली नाही. बोळाच्या तोंडाशी पिंप उलटं घालून त्यावर माठ आणि पेले ठेवले, ज्याला हवं तो घेत होता. तासानं एकदा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. मे महिन्यातलं सांगलीचं ऊन, साडेनऊलाच हातगाडीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. चहा एकदाच, गाडी पूर्ण भरल्यावर. उपवासवाल्यांना तोही चालत होता.

सव्वादहाला विश्रामबागेत पोचलो. इथे पहिली अडचण. वॉचमननं सांगितलं की कामगारांनी खालचा नळ आणि संडास वापरायचा नाही. मी वाद घातला नाही. फ्लॅटचं बाथरूम उघडलं, नव्या साबणाची वडी आणि टॉवेल लावला आणि मामांना सांगितलं की सगळ्यांना इथंच पाठवा. पहिला वर आला तो धाकटा. दारात थांबला. फरशी नुकतीच पुसलेली होती. "काकू, पाय लई मळलेत. खालनं धुऊन येऊ का?" मी म्हटलं, आत ये, घर धुवायचंच आहे संध्याकाळी. तरी तो पंजांवर चालत गेला. फरशीवर उमटलेले ते अर्धे पाय मला अजून दिसतात.

एकला तीन मिनिटं असताना शेवटचा पलंग वर आला. आता सोसायटीची विश्रांतीची वेळ. जेवण मी गल्लीतल्या बचत गटाच्या काकूंकडून घेतलं होतं, ९० रुपयाला एक ताट. ज्वारीच्या भाकऱ्या, पिठलं, वांग्याची भाजी, भात, ठेचा, ताक. दोन ताटं उपवासाची, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. हमाल जेवायला खाली पार्किंगमध्ये जायला निघाले. मी आणि नवऱ्यानं त्यांना हॉलमध्येच बसवलं. टेबलफॅन लावला. खोक्यांच्या मध्ये सतरंजी टाकली. सासूबाईंची खुर्ची एका बाजूला होती. त्या मामांना म्हणाल्या, "तुम्ही खाली आणि मी खुर्चीवर, बरं दिसत नाही." मामा म्हणाले, आजी, मला मांडी घातल्याशिवाय घासच जात नाही. मग त्यांनी स्वतःची खुर्ची सतरंजीच्या कडेला ओढून घेतली आणि तिथं बसून प्रत्येकाला आग्रह करत राहिल्या. आम्ही तिघंही त्याच सतरंजीवर जेवलो. जेवताना फार बोलणं झालं नाही. भुका लागल्या होत्या.

जेवणानंतर लेकीनं पेढे दिले. मामांनी मार्क विचारले आणि खिशातून वीस रुपये काढून तिच्या हातात ठेवले. ती माझ्याकडे बघायला लागली. मी घे म्हटलं. असे पैसे नाकारायचे नसतात.

दुसऱ्या फेरीत एक नुकसान झालं. काचेच्या शोकेसचं एक दार जिन्याच्या वळणावर कठड्याला लागून तडकलं. धाकट्याच्या बाजूचं टोक होतं. तो पांढराफटक पडला. मामांनी लगेच त्याच्या हजेरीतून कापायची गोष्ट काढली. मी नको म्हटलं. काचा काढून, वेगळ्या गुंडाळून द्यायला हव्या होत्या, तशी सूचना मामांनी ८ तारखेलाच दिली होती आणि मीच विसरले होते. नवी काच बसवायला ६५० रुपये लागले. त्यावेळी चारचौघांत मोठा आवाज केला असता तर उरलेलं सामान त्या पोरानं कुठल्या हातानं उचललं असतं?

पावणेसातला काम संपलं. मामांचे उरलेले १०,००० मी फोनवरून पाठवले आणि यादीवर दोघांनी पुन्हा सह्या केल्या. वरखुशीचे पैसे मात्र रोख, प्रत्येकाच्या हातात, २०० रुपये. मामांना आधी बाजूला घेऊन सांगितलं होतं, कारण त्यांना न विचारता दिलं तर माणसांत उगीच वितुष्ट येतं. धाकट्यालाही तेवढेच दिले. मजुरीत घासाघीस करायची आणि वर चहा पाजून भरपाई करायची, हे मला मान्य नाही. मजुरी मजुरीच्या जागी, पाहुणचार पाहुणचाराच्या जागी. सगळा खर्च धरून १६,००० रुपयांच्या थोडा वर गेला.

पुढचे आठ दिवस कागदांत गेले. गॅस एजन्सीत पत्ता बदलायला इंडेक्स टू आणि आधार लागलं. आधारचा पत्ता ऑनलाइन बदलला, तेव्हा ५० रुपये लागले. वीजबिलावरचं नाव बदलायचं अजून चालू आहे. सोसायटीचा डिपॉझिट चेक परत घ्यायला गेले तेव्हा हमालांच्या झेरॉक्सही मागितल्या. त्या फायलीला लागतात असं सांगण्यात आलं. मी विचारलं, काम झाल्यावर कशासाठी? दोनदा चकरा मारल्या, तिसऱ्या वेळी सहाही मिळाल्या.

त्या घेऊन गुरुवारी दुपारी मार्केट यार्डात गेले. हळदीच्या पिवळ्या धुळीत मामा एका थप्पीच्या सावलीला टेकले होते. मी पाकीट दिलं. त्यांनी एकेक कागद उघडून मोजले, घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. मग उठले, एक रिकामं पोतं झटकून सावलीत पसरलं आणि म्हणाले, "बसा ताई. उन्हाचं आलाय." कुणाला तरी हाक मारली. एक जण कळशीतून पेला भरून घेऊन आला, आणि मागोमाग टपरीवरचा चहा.